भावाघरचा पापड

स्वतःचं लग्न झालेलं नसताना दुसऱ्यांचे संसार सांधायला निघालेली मुलगी म्हणून आमच्या अंबरनाथच्या आळीत माझी बरीच चेष्टा व्हायची. मुंबईच्या कॉलेजात मी समाजकार्य शिकत होते आणि प्रत्यक्ष कामासाठी घराजवळचा उल्हासनगरचा कॅम्प पाच मिळाला होता. लष्कराच्या जुन्या बराकी, त्यात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आणि मधे गोणपाटाचे पडदे. एका घरात कुणी खोकलं की पलीकडच्या घरातून औषध सांगितलं जाई. ते दिवस आठवले की अजून जीव तिकडे ओढ घेतो.

शनिवारी आमच्या सुपरवायझर बाई यायच्या. आठवडाभर घरोघर जे पाहिलं ते त्यांना जसंच्या तसं सांगायचं. मधे माझं मत घुसलं की त्या हात वर करायच्या. "तुझं मत नको गं. काय दिसलं ते सांग." मला मतं फार होती, त्यामुळे बाईंचा हात बराच वेळ वरच असायचा.

तेव्हा माझ्याकडे एका तरुण सुनेची केस होती. सासूशी खटके उडायचे, नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा, म्हणून ती रागाने समोरच्या रांगेत भावाकडे निघून आली होती. महिने लोटले. नवरा काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला; मावश्यांकरवी निरोप धाडून उंटावरून शेळ्या हाकत होता. आता शेवटचा निरोप आला होता: यायचं की कायमचं तोडायचं, ते ठरव.

"ती भावाकडेच सुखात आहे," मी बाईंना म्हटलं. हात वर. मग मुकाट्याने दिसलेलं सांगू लागले. भावजय प्रेमळ आहे. 'बहन का ही घर है' म्हणते. मी गेले की त्यांच्या पाहुणचाराच्या रीतीप्रमाणे आधी पापड आणि पाणी येतं. मला एक ताटली, हिला एक.

"हिलाही? ती आणते, की तिला आणून देतात?"

"भावजय देते. ही उठली तर बसवतात. चुलीपाशी जाऊच देत नाहीत, इतके लाड."

बाई चष्मा पुसत राहिल्या. "इतक्या महिन्यांनंतरही?"

मी वही उघडून पाहिली: दर भेटीत दोन ताटल्या, म्हणजे दोन पाहुण्या.

पुढच्या वेळी मी तिला घरात गाठलंच नाही. देवळाच्या वाटेवर विचारलं, दिवसभर काय करतेस? "कुछ नहीं, दीदी. बैठी रहती हूँ," ती म्हणाली आणि तिथेच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "वो खुद लेने आए. और वहाँ मुँह खोले. तो जाऊँगी."

मी नवऱ्याला कारखान्याच्या फाटकाशी गाठलं आणि मावश्या आता पुरे, असं थोडं कडकच सांगितलं. रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून मेव्हण्याच्या दारात उभा राहिला. घामाघूम झाला होता, पण पुन्हा गप्प बसणार नाही, हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. ती त्याच्याबरोबर गेली.

शनिवारी बाईंना घेऊन मी तिच्या सासरी निघाले. मनातून मिरवतच होते म्हणा ना. बराकीजवळ पोचतो तर आतून सासूचा आवाज चढलेला. पाणी भरायला एवढा वेळ लागतो का, कणीक कोण मळणार? मी धावलेच. संसार पुन्हा मोडला असंच वाटलं. बाईंनी माझं कोपर घट्ट धरलं.

"थांब. पाहुणीला कुणी असं बोलत नाही."

आतून सुनेचं उत्तर आलं, तेवढ्याच वरच्या पट्टीत. मग भांडं आपटलं. आणि मग नवऱ्याचा आवाज, चाचरत, पण बाहेरपर्यंत ऐकू येईल असा: "अम्मा, बस. दोनों बस करो."

आम्ही दार न वाजवताच परत फिरलो.