क्लचवरचा पाय

गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नाही, असं नवऱ्यानं तपासणीहून आल्यावर सांगितलं. हे एकटेच गेले होते, त्यामुळे मला ते पटलं नाही. शुगर जुनी. त्याच आठवड्यात यांची डावी चप्पल दोनदा अंगणात राहिली आणि हे एक पाय अनवाणी घेऊन घरात आले. कळलंच नाही.

तरी रविवारी नागपूरहून जीप काढली. सातपुड्याकडे गोंडांचा जुना किल्ला आहे, वर जायला नुसती धोंड्यांची वाट, एका बाजूला दरी. डाव्या पायाला क्लच कळत नसेल तर गाडी मागे येणार, हे सरळ होतं. मी यांच्या पायावर नजर ठेवून बसले.

खराब जागा आली की चालवणाऱ्यानं आधी उतरायचं, धोंडा हलतो का ते पायानं दाबून बघायचं, मगच गाडी घालायची, ही आमची रीत. दुसऱ्याच्या सांगण्यावर हे कधीच गेले नाहीत. पहिल्या घळीशी गाडी थांबली, आणि हे बसूनच.

"तू पाहून ये वं."

"काहून? तुम्ही नाही उतरत?"

"हँडब्रेक ढिला आहे."

"परवाच तर कसून आणला."

"पोलिसात लागाले पाहिजे होतं तुले."

मी उतरले, धोंडे दाबून आले. गाडी चढली, पण क्लच जळाल्याचा वास आला. पाय क्लचवरच होता आणि यांना वाटत होतं, काढला आहे.

वर पोचलो तरी हे उतरेनात. "किल्ल्याचा दरवाजा इथूनच दिसते."

मी यांच्या बाजूला गेले आणि डावा बूट ओढून काढला. आतून गिट्टीचा खडा पडला. आमच्या घरासमोर रस्त्याचं काम चालू आहे, तिथला. मोजा टाचेशी रक्तानं भिजलेला.

"हा कधी गेला आत?" यांनी मलाच विचारलं.

"सकाळीच गेला असन. डॉक्टर खरं काय म्हणले?"

"चालवू नका म्हणे."

बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली, ओढणी बांधली, चावी काढून घेतली. हे पलीकडच्या सीटवर सरकले.

उतरताना घळीशी मी गाडी थांबवली.

"डाव्या बाजूनं घाल, मी सांगतो ना."

"बसा तुम्ही," म्हटलं, आणि धोंडे बघायला उतरले.