घड्याळाखालची फळी

आमच्या जिन्यातून मुलं चेंडू आपटत वर येऊ लागली की भाऊजींचा घास हातातच थांबतो. ओठ हलतात. नवीन पाहुण्याला वाटतं, म्हातारा जप करतोय. जप कसला, ते टप्पे मोजत असतात. चेंडू आपटत राहिला तर घास तोंडात जातो. मध्येच थांबला, कुणाच्या आईने हाक मारली आणि त्याने तो काखेत घेतला, तर ताट बाजूला सरकतं. "पुरे झालं मला," म्हणतात. बावीस वर्षं मी हे बघत आले. कारण कळून दीड महिना झाला.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. जाऊबाई लग्नानंतर चार वर्षांत गेल्या, मूलबाळ नाही, तेव्हापासून ते आमच्यातच आहेत. धंद्याने सुतार. शहरातल्या बास्केटबॉल हॉलची लाकडी जमीन एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती. कुठली फळी कधी करकरते, थंडीत कुठे फट पडते, हे त्यांना स्वतःच्या दातांपेक्षा जास्त माहीत. मॅचच्या दिवशी ते हत्यारांची पेटी घेऊन कोर्टाच्या कडेला स्टुलावर बसायचे. तिकीट त्यांनी जन्मात काढलं नाही.

आमच्या टीमचे कपडे तांबडे, म्हणून तिला सगळे 'तांबडे' म्हणत. ही टीम म्हणजे आमच्या घरातलं एक माणूसच होतं, तेही आजारी. त्याची तब्येत बघून घरात हसायचं की गप्प बसायचं ते ठरायचं. हे, म्हणजे माझे यजमान, मॅचला एकच तांबडा स्वेटर घालायचे, मग बाहेर अंगाची लाही होवो. तो धुवायचा नाही असा नियम. मी एकदा धुतला आणि तांबडे हरले. त्यावर आठवडाभर ते माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलले.

मीही काही वेगळी नव्हते. शेवटची दोन मिनिटं उरली की मी रेडिओकडे पाठ करून देवापुढे बसायचे. देवाला दुसरी कामं असतात हे मला कळतं. तरी मागायचे. ज्या वर्षी तांबड्यांनी पहिल्यांदा कप जिंकला त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, मी डोळ्यांत पाणी आणून देवाचे आभार मानले. दोन्ही कपांचे फोटो अजून बाहेरच्या खोलीत आहेत.

तिसऱ्या वर्षी टीममध्ये एक नवा खेळाडू आला. एवढा उंच आणि मान अशी पुढे काढून चालणारा, की पहिल्याच मॅचला लोकांनी त्याचं नाव 'उंट' ठेवलं. त्या वर्षी लहान मुलं मान पुढे काढून चालू लागली होती. यांनी तर भाजीवाल्याला सांगितलं होतं, "आमच्या उंटाला बघ. असा उंट देवाने एकच केला."

उपांत्य मॅचला उंट चेंडूसाठी उडाला आणि घड्याळाखालच्या कोपऱ्यात पडला. पाय गुडघ्यातून फिरला. मॅच हरलो. दोन ऑपरेशनं झाली, पण तो पुन्हा खेळला नाही. पेपरात आलं, पाय वाकडा पडला. लोकांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. कुणी म्हणालं, दुखणं आधीचंच होतं, लपवून खेळला. बाकीच्यांनी ते उचललं. महिन्याभरात उंटाचा 'काचेचा उंट' झाला आणि पुढे नुसताच 'काचेचा'. ज्यांनी खांद्यावर बसवून मिरवलं तेच रस्त्यात म्हणायचे, "सांभाळून, तडा जाईल." आमचे हेही म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे.

त्याने पुढे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लाँड्री काढली. काउंटरमागे उंच स्टूल, एक पाय सरळ पुढे ठेवलेला, समोर वाफेची इस्त्री. कपडा आला की कापडी पट्टीवर नंबर घालायचा, ती टाचायची आणि म्हणायचं, "शनिवारी या." आमच्या चादरी तिथेच जातात. भाऊजी मात्र त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. दूध आणायलाही मागच्या गल्लीने वळसा घालून जायचे. मी समजायचे, म्हाताऱ्याला चालायची हौस.

तांबड्यांचा तेव्हाचा कर्णधार तेवढा उंटाला धरून राहिला. दर रविवारी सकाळी पेपर काखेत मारून यायचा. लाँड्री बंद असायची, बाहेर दोन स्टुलं मांडून दोघं अकरापर्यंत बसायचे. उंट मला एकदा म्हणाला होता, "काकू, सगळ्यांनी टाकलं मला. या एका माणसाने नाही टाकलं."

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक फळी उभी असायची. हातभर लांब, पॉलिश उडालेली, एक टोक काळपट. तिच्यावर भाऊजी काही ठेवू द्यायचे नाहीत. येता-जाता बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान द्यायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, ही बोलते का काही?" तर म्हणाले, "नाही ना."

दीड महिन्यापूर्वी यांनी पेपर वाचताना सांगितलं, "दादा, हॉल पाडतायत. सोमवारपासून." दुपारी भाऊजी माझ्यापाशी येऊन बसले.

"तुझ्या जुन्या वह्या आहेत का गं?"

"आहेत. माळ्यावर."

मी लग्न झाल्यापासून रोज चार ओळी लिहिते. प्रार्थना झाली की वही. हे त्याला 'चित्रगुप्ताची शाखा' म्हणतात.

"उंट पडला त्याच्या आदल्या दिवसाचं बघ," भाऊजी म्हणाले. "मी पहाटे हॉलवर गेलो होतो. आल्यावर हातात ही फळी होती. ते मॅचच्या आदल्या दिवशीच झालं ना? मला पक्कं आठवतंय. पण तू बघ."

वही सापडली. चष्मा पुसून मी वाचू लागले. मॅचच्या आदल्या दिवशी लिहिलं होतं: *भाऊजी दिवसभर घरी. खिडकीच्या बिजागऱ्या बसवल्या. यांचा स्वेटर शोधून ठेवला.* मॅचच्या दिवशी: *आमचा उंट पडला. हरलो. कुणी जेवलं नाही. देवा, त्या लेकराचा पाय सांभाळ.* आणि दुसऱ्या दिवशी: *भाऊजी पहाटे चहा न घेता हॉलवर गेले. दहाला आले. हातात एक फळी. कशाला म्हटलं, तर म्हणाले, असू दे.*

मी मान वर केली. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. शाळेत निकाल लावतात तेव्हा मुलं बघतात, तसे. खोटं वाचणं सोपं होतं. अक्षर माझं, चष्मा माझा, त्यांना आता जवळचं दिसत नाही. पण ती वही मी प्रार्थनेनंतर लिहिते.

"दुसऱ्या दिवशी, भाऊजी," मी म्हटलं. "मॅच झाल्यावर."

"तारीख चुकली असेल तुझी."

"त्या दिवशी गॅस संपला होता, तेही लिहिलंय. नाही चुकली."

मग त्यांनी सांगितलं. हे दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं.

छपराच्या गळतीने घड्याळाखालच्या कोपऱ्यात जमिनीखालचा वासा कुजला होता. बाकी कोर्टावर चेंडू कमरेएवढा उसळायचा, तिथे गुडघ्याएवढाच. भाऊजी दुरुस्तीसाठी एक दिवस मागायला कर्णधाराकडे गेले. त्याने तिथे तीनदा चेंडू आपटून बघितला आणि हसला. "मिस्त्री, ही फळी आपल्या बाजूने खेळते. राहू दे." त्याने नेहमीच्या चार गड्यांना सांगितलं. समोरच्या टीमला हटवत हटवत त्या कोपऱ्यात न्यायचं. तिथे चेंडू मेला की तांबड्यांचे हात तयारच. दोन वर्षं, दोन कप.

"मी स्टुलावर बसायचो," भाऊजी म्हणाले. "तिथे चेंडू मेला की वाटायचं, बास्केट मीच टाकली. एवढा मोठा हॉल ओरडायचा आणि मला वाटायचं, माझ्यासाठी ओरडतोय."

"आणि उंट?" मी विचारलं.

"त्याला नव्हतं सांगितलं. भोळा माणूस, बोलून जाईल म्हणून." ते थांबले. "त्या आठवड्यात फळी टाचेखाली बोटभर जायला लागली होती. मला कळलं होतं. म्हटलं, एवढी एक मॅच."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एकट्याने वासा बदलला, नवी फळी बसवली, पॉलिश मारलं. पाहणीला माणसं आली तेव्हा जमीन आरशासारखी होती. म्हणून दोष पायाचा ठरला. आणि वर्षं गेली तसं भाऊजींच्या मनाने तारीख एकेक इंच मागे सरकवत नेली होती, वासा मॅचच्या आधीच बदलला होता इथपर्यंत.

हे आत येऊन बसले. भिंतीवरच्या फोटोंकडे त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली.

"दादा, आता गाडलेलं उकरून काय मिळणार? त्याचंही बरं चाललंय."

"तुम्ही त्याला काचेचा म्हणायचात," मी म्हटलं.

"सगळेच म्हणायचे."

"मी तुमचं विचारतेय."

यावर ते उठून गॅलरीत गेले.

चार दिवस भाऊजींनी धड खाल्लं नाही. पाचव्या दिवशी सकाळी सदरा घालून, फळी काखेत घेऊन दारात उभे. "चल माझ्याबरोबर. जिना उतरताना हात लागतो."

लाँड्रीत वाफ भरली होती. उंटाने इस्त्री बाजूला ठेवली. इतक्या वर्षांनी भाऊजींना बघून त्याचा चेहरा खुलला.

"मिस्त्रीकाका. या, या. काकू, यांना कुठे लपवून ठेवलं होतंत?" मग फळी काउंटरवर आली. "हे काय? फळ्या नाही धूत हो आम्ही."

भाऊजी हसले नाहीत. उभ्यानेच सगळं बोलले, मला सांगितलं त्याच क्रमाने. एक शब्द मऊ केला नाही. मी काउंटरवरची टाचण्यांची डबी बघत उभी होते.

उंटाने फळीच्या काळपट टोकावरून अंगठा फिरवला. मग हळू आवाजात विचारलं, "कोणाकोणाला माहीत होतं?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न त्यांनी धरला नव्हता. मीही नाही.

"पाच जणांना."

"कर्णधाराला?"

"त्यालाच आधी."

इस्त्रीने एक उसासा टाकल्यासारखी वाफ सोडली. उंट आपल्या सरळ पायाकडे बघत होता. "रोज सकाळी उठलो की मी या गुडघ्याला म्हणतो, तू मला दगा दिलास. बावीस वर्षं." त्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून घेतला. "आणि तो दर रविवारी ऐकून घ्यायचा. म्हणायचा, नशीब रे."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की काहीतरी सुटेल. भाऊजींचं, त्याचं, निदान माझं. मी त्यासाठी देवाला मागितलंही होतं. त्या काउंटरपाशी कळलं, आपण या माणसाला त्याचा पाय परत द्यायला आलो आणि त्याच्याकडे उरलेलं एकुलतं एक माणूस काढून घेतलं.

"मला शिव्या घाल," भाऊजी म्हणाले. "पण बोल काहीतरी."

त्याने कापडी पट्टी घेतली, नंबर घातला. लाकडात टाचणी जाईना, तेव्हा पट्टी दोऱ्याने बांधली. अर्धी चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली, रोजच्या सवयीने म्हणाला, "शनिवारी या."

"ती मला परत नको," भाऊजी म्हणाले.

"मलाही नको, काका. पण रविवारी लागेल."

रविवारी आम्ही तिघं गॅलरीत होतो. कोपऱ्यावरची लाँड्री तिथून दिसते. हे पण आले. उंटाने दोन स्टुलं बाहेर काढली. एकावर बसला. दुसऱ्यावर फळी ठेवली.

कर्णधार आला, पेपर काखेत. स्टुलापाशी थांबला. फळी उचलली, उलटी केली, काळं टोक बघितलं. मग बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं, अगदी भाऊजी करतात तसं. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, पण माझ्या शेजारी भाऊजींनी मान झटकली. त्या दोघांत काही बोलणं झालं की नाही ते कळलं नाही. कर्णधाराने फळी भिंतीला टेकवून ठेवली, रिकाम्या स्टुलावर पेपर ठेवला आणि आला तसा गेला.

त्याला पाच रविवार झाले. आता एकच स्टूल बाहेर येतं. यांनी फोटो उतरवले नाहीत, पण त्या भिंतीसमोरची खुर्ची फिरवून घेतली. मागच्या शनिवारी चादरी आणायला स्वतः गेले, तिथे अर्धा तास बसून आले. काय बोललात विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. त्याने इस्त्री केली, मी बघितली." चिठ्ठी माझ्या वहीत आहे. फळी आणायला कुणी गेलं नाही.

मी देवापुढे बसते तेव्हा काय मागावं सुचत नाही. पूर्वी बरं होतं, दोन मिनिटं उरलेली असायची.

भाऊजी आता लाँड्रीवरून जातात, सरळ रस्त्याने. उंट मान हलवतो, तेही मान हलवतात. दारामागची जागा रिकामी आहे, तरी येता-जाता हात तिकडे जातो आणि भिंतीवर टकटक होते. काल दुपारी जेवताना जिन्यात चेंडू वाजू लागला. घास थांबला, ओठ हलू लागले. तिसऱ्या मजल्यावर चेंडू थांबला. दार लागल्याचा आवाज आला. मी ताट सरकायची वाट बघत राहिले. ते सरकलं नाही. जिना केव्हाचा शांत झाला होता, आणि भाऊजींचे ओठ हलतच होते.