मोफत मोतीबिंदू

आमच्या क्लबच्या मासिक पत्रकात दोनच सदरं असतात, 'झाले' आणि 'होणार'. शिबिर झाले, वृक्षारोपण होणार, संपलं. खरी गंमत या दोन्हींच्या मधे घडते आणि ती छापायला जागा नसते. पत्रक मी काढते, त्यामुळे न छापलेला सगळा माल माझ्याकडे साठत जातो. आता इतका साठलाय, की थोडा वाटून टाकावा म्हणते.

मी माहेरची साताऱ्याची. लग्न होऊन धुळ्यात आले, आमचं मेडिकलचं दुकान आहे, क्लबात सगळे मला वहिनी म्हणतात. अध्यक्ष आहेत कांतिभाऊ, कापडाचे व्यापारी. आणि आमचे नाना. नाना मूळचे शिंदखेड्याचे, पण उभं आयुष्य धुळ्याच्या शाळेत मराठी शिकवलं. अनुस्वार राहिला तर अर्धा मार्क कापायचे. कुणी 'डोळा'ला 'डोया' म्हटलं, तर दहा वेळा लिहून आणायला लावायचे. त्यांच्या स्वतःच्या तोंडून अहिराणी आम्ही कुणी कधी ऐकली नव्हती; ती आईबरोबरच गेली, म्हणायचे. दरवर्षीचं मोतीबिंदूचं शिबिर त्यांनीच सुरू केलं आणि पत्रकाचं प्रूफही तेच तपासतात.

* * *

एकदा घाईत 'होणार' या सदरात माझ्याकडून छापलं गेलं: 'रविवारी सोनगीर येथे मोफत मोतीबिंदू. गरजूंनी लाभ घ्यावा.' 'शस्त्रक्रिया' हा शब्दच गळाला!

सकाळपासून दुकानात फोन. एक आबा म्हणाले, "वहिनी, मनाकडे दोन मोतीबिंदू शेतस. एखादा तुमीच ली जा."

कांतिभाऊ पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना, कारण प्रूफ नानांनी तपासलं होतं. शेवटी 'उत्तम' असं लिहून सही केली होती. अर्धा मार्क कापणाऱ्या माणसाला अख्खा शब्द दिसला नव्हता.

* * *

मग जळगावच्या क्लबबरोबर आमचा एकत्र कार्यक्रम झाला. पाहुणे यायला उशीर होत होता. स्टेजवर एक जण वाकून काहीतरी करत होता. नाना शाल-नारळ घेऊन ताडताड गेले, त्याला शाल घातली, नारळ दिला आणि त्याच्या समाजकार्याबद्दल चार सुंदर वाक्यं बोलले. तो माईकवाला होता.

त्या बिचाऱ्याला काय करावं कळेना. शाल सावरत तो माईकपाशी गेला आणि म्हणाला, "हॅलो, चेक."

खऱ्या पाहुण्यांसाठी शाल उरली नाही. कांतिभाऊंनी मुलाला दुकानात पिटाळून नवी मागवली. नाना फार ओशाळले होते, तर कांतिभाऊ त्यांना म्हणाले, "नाना, इतकी वर्षं तो आपल्यासाठी राबतोय. सत्कार बरोबर माणसाचा झाला." आजतागायत आमच्या कार्यक्रमात माईक एकदाही किंचाळलेला नाही.

* * *

चोपड्याच्या एका बागाईतदाराने शिबिरासाठी टेम्पोभर केळी पाठवली, तीही न मागता. पेशंट साठ आणि केळी डोंगरभर. शेवटी कांतिभाऊंनी जाहीर केलं, जो डोळे तपासून घेईल त्याला एक फणी. मग काय, ज्यांना काही झालेलं नाही तेही रांगेत!

त्यात कांतिभाऊंच्या दुकानासमोर बसणारा टेलरही होता. त्याला तक्त्यावरच्या खालच्या चार ओळी दिसेनात. डॉक्टरांनी विचारलं, मग शिवता कसं? तो म्हणाला, "हाताच्या अंदाजानं."

कांतिभाऊंनी स्वतःच्या शर्टाच्या दोन बाह्या खाली सोडून शेजारी शेजारी धरल्या; एक चार बोटं लांब होती. टेलरला चष्मा मिळाला. बागाईतदाराला मी आभाराचं पत्र लिहिलं, तर पुढच्या वर्षी दोन टेम्पो आले.

* * *

आता माझीच फजिती सांगते. खानदेशात 'ळ'चा 'य' होतो, हे मला पाठ आहे. केळं म्हणजे केय, जळगाव म्हणजे जयगाव. पण ऐन वेळी पाठांतर दगा देतं.

सोनगीरच्या एक अक्का होत्या, पंच्याहत्तरीच्या. ऑपरेशनला घाबरत होत्या, तर नानांनीच समजूत काढली होती: काही दुखत नाही, मुंगी चावते तितकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात पट्टी सोडली. अक्कांनी गळ्याशी हात नेला आणि रडायलाच लागल्या, "मनी माय हारपी गयी!"

मी धावत हॉस्पिटलच्या माईकपाशी. सोनगीरच्या अक्कांच्या आई हरवल्या आहेत, कुणाला दिसल्यास आणून सोडावे. पंच्याहत्तरीच्या बाईची आई! पण तो हिशेब कुणीच केला नाही. कुणी कॅन्टीनकडे पळाले, कुणी बसस्टँडकडे. कांतिभाऊ तर एका अनोळखी म्हातारीला रिक्षातून घेऊनही आले. ती म्हणाली, "मी कोनीच माय नही, पन चहा पिसू."

अक्कांची हरवली होती ती माळ, तुळशीची. आदल्या दिवशी ऑपरेशनला जाताना त्यांनी ती नानांकडे सांभाळायला दिली होती. नाना आमच्याबरोबर म्हातारी शोधून दमून परत आले आणि अक्कांनी नव्या डोळ्याने पहिली गोष्ट पाहिली, ती त्यांच्या झोळीतून लोंबणारी माळ. नानांनी ती आपल्या चष्म्याची दोरी समजून कोंबली होती.

अक्कांनी माळ ओढून घेतली, नानांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाना, मनापेक्षा तुनाच मोतीबिंदू मोठा शे."

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं.

* * *

डॉक्टरांनी त्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, की नानांचा मोतीबिंदू फार पिकलाय, पुढचंही शिबिर टळलं तर दृष्टी परत येण्याची खात्री नाही. नानांचं उत्तर ठरलेलं, आधी गरजूंचा नंबर. खरं कारण त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. ते घाबरत होते. बिघडलं तर आहे तेवढंही वाचन जाईल, अशी भीती होती.

कांतिभाऊंनी शक्कल लढवली. त्यांच्या सांगण्यावरून सलग चार अंक मी 'होणार'मध्ये छापलं: 'नानांच्या डोळ्याचे ऑपरेशन.' सगळं धुळं त्यांना विचारू लागलं, नाना, कधी? नाना चक्रावले. अखेर भाजीवालीने त्यांना पत्रक वाचून दाखवलं!

ते तडक आमच्या दुकानात आले; कांतिभाऊही तिथेच होते. "माझ्या संमतीशिवाय छापता कसं?" म्हणून माझ्यावर आणि कांतिभाऊंवर कडाडले.

कांतिभाऊ शांतपणे म्हणाले, "नाना, प्रूफ तुम्हीच तपासलंत. चारही वेळा 'उत्तम' लिहिलंत."

नाना स्टुलावर बसले. मग म्हणाले, बघू. मी देवाचे आभार मानले आणि कांतिभाऊंचेही.

* * *

पुढच्या शिबिराला अक्का दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या. नानांचं नाव यादीत पहिलं होतं आणि नाना दारातच अडून बसले होते. आम्ही सगळे समजावून थकलो.

अक्का शेजारी येऊन बसल्या. नानांनी हजार लोकांना सांगितलेलं वाक्य त्यांनी नानांनाच परत केलं, "काही दुखत नही, नाना. मुंगी चावस तितलंच." गळ्यातली तुळशीची माळ काढून त्यांच्या मुठीत दिली आणि बजावलं, की यावेळी हरवू नको. नाना उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी अक्कांची पट्टी सुटली, मग नानांची. कांतिभाऊ हात जोडून उभे होते, मी पत्रकाचं नवं प्रूफ आणि लाल पेन घेऊन. नानांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. माझ्याकडे पाहिलं, प्रूफाकडे पाहिलं. मग अक्कांकडे वळले.

अक्कांना आपली काळजी. त्यांनी विचारलं, "नाना, मनी माय कोठे शे?"

माळ उशीखालीच होती, तिचं टोकही बाहेर दिसत होतं. नानांनी उशीकडे पाहिलंच नाही. ते अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. डोळ्याला पाणी लावू नका, असं डॉक्टर सांगत होते, तरी ते वाहिलंच.

"सापडनी, अक्का," नाना म्हणाले. "मनी माय सापडनी."