इक्बालचा डबस्टेप

इक्बालने माझ्यावर हात टाकला, तो आयुष्यात एकदाच.

भर दुपारी, कॉलेजच्या हॉलमध्ये, पोरांच्या देखत. माझं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितोय.

माझा साउंड भाड्याने द्यायचा धंदा. नारायण पेठेत जिन्याखालच्या जागेत सुरू केला. इक्बालचा टेम्पो. सकाळी मार्केट यार्डात कांदा-बटाटा, संध्याकाळी माझे स्पीकर.

मी ओरडायचो, "स्पीकरला कांद्याचा वास येतोय रे!"

"मग मालक, तुझी गाणी ऐकून लोक रडतात ते उगाच का?"

असा माणूस.

तर कॉलेजच्या त्या दुपारच्या आधी एका रिसेप्शनला माझा बेसचा स्पीकर जळला होता. पाहुण्यांसमोर, धूर काढून. पुण्यात अशा वेळी कुणी शिव्या देत नाही. पुढच्या कार्यालयात फक्त विचारतात, "ते... आपलंच का हो साउंड?"

फोन वाजायचा बंद झाला.

हे कॉलेजचं काम मिळालं ते इक्बालच्या मुलीमुळे. सना तिथेच शिकत होती. मी नवे बेस बॉक्स स्वतः बांधले, स्वतः पॉलिश केले. हेही जळले असते तर मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. मला माहीत होतं. इक्बालला माहीत होतं.

दुपारी टेस्टिंग. सनाने पेन ड्राइव्ह दिला. "अंकल, संध्याकाळी हेच वाजणार, बेसवर नाचायचं इंग्लिश म्युझिक. डबस्टेप."

लावलं.

सुरुवात बरी होती. संथ, मोकळी, लांबून येणारा ठेका. मी मिक्सरवर हात ठेवून निवांत.

आणि आवाज गेला.

सगळाच.

मी मशीनकडे बघितलं. दिवे चालू. वायर जागेवर.

मग बेस पडला.

घर्रर्र. व्वॉव व्वॉव. जमिनीवरून पत्रा ओढत न्यावा तसा. स्पीकरचा फाटलेला कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, मला झोपेतून उठवून ऐकवा, मी सांगेन. त्या जोरावर तर पोट भरलं. आणि माझे दोन्ही कान ओरडून सांगत होते, फाटला. नवा कोरा बेस पहिल्याच दिवशी फाटला.

मी मेन स्विचकडे झेपावलो. तेव्हा त्याने मनगट धरलं.

"सोड!"

"थांब."

"अरे फाटला, इक्बाल! सोड म्हणतो ना!"

"आधी नाक लाव."

साउंडवाल्यांना कळेल. आतली कॉईल जळायला लागली की पहिला येतो तो वास. मी वाकलो, बॉक्सला नाक लावलं. इक्बालचा एक तळवा बॉक्सवर, दुसऱ्या हातात अजून माझं मनगट. पोरं बघतायत. आवाज चालूच.

"वास येतोय?"

"नाही."

"डबा गरम आहे?"

"नाही."

"मग फाटलेलं नाय. ते तसंच आहे. आता गप ऐक. कात्रजचा चढ, फुल लोड, दुसरा गिअर."

मी ऐकलं.

आणि खरंच! तीच घरघर. भरलेला टेम्पो चढ घेताना सीटखालून हाडांत येते ती. फक्त इथे प्रत्येक घरघर ठेक्यावर पडत होती. एकही चुकत नव्हती. जो आवाज आला की माझी झोप उडायची, तोच कुणीतरी मुद्दाम, मापात, सुरात वाजवत होतं.

अंगावर काटा आला राव.

"तुला कसं माहीत?"

"सनाने यार्डात टेम्पोत बसून हेच गाणं हेडफोनने कानात घातलं. मला वाटलं इंजिन गेलं, मी पण आधी खाली उतरून बॉनेट उघडलं."

"मग मला आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगून ऐकणारा माणूस आहेस तू?"

संध्याकाळी हॉल गच्च भरला. मला कळलं होतं, तरी भीती गेली नव्हती. तोच तुकडा आला. आवाज गेला. सगळा हॉल श्वास धरून. माझा हात आपोआप स्विचवर.

इक्बाल शेजारी उभा. नुसतं मनगटाकडे बघितलं.

बेस पडला. पोरं जागच्या जागी उडाली. माझा शर्ट छातीवर थरथरत होता आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

बॉक्स टिकले. फोन पुन्हा वाजायला लागला.

त्यानंतर आम्ही दोघं वाया गेलो. पांढऱ्या मिशांचे दोन बाप्ये, टेम्पोत डबस्टेप लावून कात्रज चढायचे. सना म्हणायची, "अब्बा, सिग्नलला तरी कमी करा."

गेल्या वर्षी आजच्या दिवशी यार्डात गाडी खाली करताना त्याच्या छातीत कळ आली.

मी हॉस्पिटलच्या दाराबाहेर होतो. आतून आवाज येईना. त्यानेच शिकवलं होतं, शांत झालं म्हणजे संपलं असं नसतं, थांबायचं.

मी थांबलो.

त्या वेळी पुढे काही आलंच नाही.

आज सकाळी सनाचा फोन. "अंकल, अब्बांचं ते लावा ना. मी फोनवर ऐकते."

गोडाऊनमध्ये तेच जुने बॉक्स जोडले. लावलं. ठेका आला. आणि आवाज गेला.

इतक्या वर्षांनीसुद्धा हात स्विचकडे गेला. धरणारं कुणी नव्हतं.

मग डाव्या हाताने मीच माझं उजवं मनगट धरलं. घट्ट.

फोन बॉक्सवर ठेवलेला, पलीकडे सना. इकडे मी.

बेस पडला.

इक्बाल, माझ्या यारा, तुला माझा शेवटचा सलाम.

फाटलं नाही रे.