गोळीच्या मागची हवा

मनमोहन नवलकरांचं लक्ष कुठे असतं, हे गिरगावातल्या त्यांच्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला, लीलाबाईंना, तेवढं ठाऊक होतं. ते हवेत असे. अगदी खरोखरीच्या हवेत.

दारूगोळ्याच्या एका सरकारी कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. बंदुकीच्या गोळीचं नाक टोकदार हवं, हे कुणीही सांगेल. मनमोहनरावांचा जीव अडकला होता तिच्या बुडाशी. गोळी धावते तेव्हा मागे हवेत भोवरे उठतात आणि तिलाच मागे ओढतात. एकदा लीलाबाई सुरमई कापायला बसल्या असताना ते तिच्या शेपटाकडे इतका वेळ पाहत राहिले, की त्या म्हणाल्या, “अहो, कापू की आरती करू?”

सुरमई मागे निमुळती होत जाते, पाणी तिच्यामागे गुपचूप मिटतं. मग गोळीचं बूडही तसंच का नको? विलायतेत हे कुणी कुणी केलं होतं, पण आपल्या गोळीच्या बुडाला नेमका किती अंशांचा उतार हवा, ते शोधायचं होतं. मनमोहनराव मेणाच्या गोळ्या कोरून उंच काचेच्या बरणीत, पाण्यात सोडत आणि त्या तळाला जाताना बघत बसत. हातात घड्याळ असे, पण त्यात बघायचं बरेचदा राहूनच जाई. बाप्या माणसाला इतकं सुखी पाहून लीलाबाईंना हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

दोन वर्षांनी अंश सापडले. साहेबांनी येत्या सोमवारपर्यंत गोळीचा पक्का नकाशा मागितला. आजवर सगळं साहेबांच्या सहीने जायचं. या कागदावर पहिल्यांदा मनमोहनरावांचं स्वतःचं नाव येणार होतं.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गिरगावात गोळीबार झाला. मनमोहनरावांचा धाकटा भाऊ अच्युत मोर्चात नव्हताच, नुसता घरच्या गॅलरीत उभा होता. कुठूनशी लांबून आलेली गोळी त्याच्या खांद्यात रुतली.

इस्पितळात डॉक्टरांनी ती काढून बशीत ठेवली. मनमोहनरावांनी आधी भावाकडे नाही, बशीकडे पाहिलं. बूड सपाट होतं. त्या पाहण्याची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

“लांबून आली, वाटेतच दमली,” डॉक्टर म्हणाले. “जोर असता तर आरपार गेली असती. नशीब तुमचं.”

वाटेत तिला दमवलं ते हवेने. दोन वर्षं मनमोहनराव त्या हवेलाच वाटेतून हटवत होते.

घरी येताना लीलाबाई पुढे चालत होत्या. जिन्यात थांबून म्हणाल्या, “अहो, तुमची गोळी दमली नसती, नाही?”

“नसती.”

“मी भावजींच्या मागेच उभी होते.” एवढं बोलून त्या वर गेल्या. मनमोहनराव कठड्याला धरून तिथेच पायरीवर बसले. रडू त्यांना बऱ्याच वेळाने आलं.

नकाशा त्यांनी रविवारी चुलीत घातला. सोमवारी साहेबांनी हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, माझंच चुकलं होतं. निमुळत्या बुडाने काही फरक पडत नाही.”

“दोन वर्षं, नवलकर!” साहेब म्हणाले. मग कीव येऊन त्यांनी मनमोहनरावांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात निघेपर्यंत मनमोहनराव मान खाली घालून उभे राहिले.