समद्यांनी ठरवलेलं जेवण

कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. हुकूमशाहीचा विषय दरवर्षी परदेशातल्या छळछावण्यांपासून सुरू करायचा आणि महिनाभर उदास फिरायचं, हा माझा शिरस्ता. यंदा सहकारी संपत म्हणाला, आमच्या गावच्या जत्रेला चला, मटण खा, डोकं ताळ्यावर येईल. मी लगेच पिशवी भरली.

पुण्याहून लालपरी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीतला वारा जरा जास्तच गोड लागतो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, सांगलीत भडंग खाल्लं आणि कवठे महांकाळची गाडी धरली. मिरज सुटलं की ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. पुढे गावापर्यंत वडाप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर जाऊच नका.

संपतची आई बायाक्का, मेंढरं राखून पोरं शिकवलेली बाई, चुलीपुढे भाकरी थापत होती. इथे जत्रेला घरोघर जाऊन जेवायचं आवतण द्यावं लागतं. त्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. यंदा गावातल्याच वनिताच्या घराला आवतण द्यायचं नाही, असं ठरलं होतं. टँकर नेहमी एकाच आळीत आधी का थांबतो, असं तिनं ग्रामसभेत विचारलं होतं. तेव्हापासून ते घर वाळीत. हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते सगळ्यांना माहीतही होतं. माणसं मात्र भली. वाटेत मला चारचौघांनी चहा विचारला. त्या भलेपणाचीच मला भीती वाटली.

वनिताला बोलवायचं नाही, याची भावकीतले एक काका खास आठवण करून द्यायला आले. बायाक्कानं तव्यावरची भाकरी उलटली.

"कुणी ठरवलं?"

"समद्यांनी."

"समद्यात मी हाय का न्हाई? मग मला कवा इचारलं?"

काका घुटमळले. आपल्यालाही कुणी विचारलं नव्हतं, असं हळूच म्हणाले आणि निघून गेले. इतकी वर्षं शिकवून हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

बायाक्कानं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि ती भर आळीतून वनिताच्या दारात गेली. मी मागोमाग. वनिता आत घेईना. "आक्का, तुमास्नी लय तरास देतील," म्हणाली.

"देऊ द्यात. मटान शिजलंय, चल."

वनिता, तिचा नवरा आणि दोन पोरं जेवायला आली. बाकी ज्यांना आवतण दिलं होतं, त्यातलं एकही माणूस आलं नाही. भलंमोठं पातेलं तसंच उरलं. रस्सा असा झणझणीत की मी तीनदा वाढून घेतला, आणि या बाईच्या पंगतीला बसल्याचा मला फार अभिमान वाटला.

पुण्यात परतल्यावर मात्र काळजी लागून राहिली. आपण चार दिवसांचे पाहुणे, तिला तिथेच राहायचं. आठवड्यानं फोन केला. बायाक्काचं घरही वाळीत टाकलं होतं. ती तर हसत होती.

"त्ये घर एकलं व्हतं, बाई. आता आमी दोन झालो. काल वनितानं आमास्नी आवतण दिलं."