जिन्याच्या खुर्चीवाला रशीद

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या समस्त वजनदार नागरिकांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपणास जिन्यावरून सुखरूप खाली उतरवणारा रशीद आता या जगात नाही. तरी ज्यांचा पुढेमागे आजारी पडायचा विचार असेल, त्यांनी कृपया तळमजल्यावरच घर बघावं.

हे निवेदन त्यानं स्वतः ऐकलं असतं, तर पोट धरून हसला असता... महिना होत आला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती; धुळ्याला पेशंट पोहोचवून मी हायवेवरच्या टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला होता, तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, अब्बा सकाळी उठलेच नाहीत." एवढंच. चौदा वर्षं मी अ‍ॅम्ब्युलन्स चालवली आणि त्यानं मागे पेशंट सांभाळला. किती माणसं आम्ही दोघांनी उचलली, आणि त्याला उचलायची वेळ आली तेव्हा मी धुळ्यात चहा पीत होतो.

उचलण्याचं त्याचं शास्त्र होतं. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, ओझं अंगाशी, आणि आकडे मोजणार तो फक्त डोक्याकडचा. पहूरला एकदा एका सासऱ्याला उचलताना तीन जावयांनी तीन वेगवेगळ्या वेळी "तीन" म्हटलं, आणि स्ट्रेचर कलंडता कलंडता राहिलं. त्या दिवशी रशीद म्हणाला, "पंडित, रिकामा नातेवाईक स्ट्रेचरला हात लावतो. त्याला रिकामा ठेवू नको." मग एकाच्या हातात थर्मास, दुसऱ्याच्या हातात घराची किल्ली, आणि जो फारच हुशार असेल त्याला पुढे जाऊन जिन्यातल्या कुंड्या हलवायला.

पण पिंप्राळ्यातल्या त्या दुपारी हे शास्त्र दारातच अडलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अक्का ऐंशी ओलांडलेल्या, दम लागून उशांना टेकून बसलेल्या. आडवं केलं की श्वास कोंडायचा, आणि जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळलंच नसतं. म्हणून आम्ही जिन्याची खुर्ची वर नेली. तिला मागे दोन चाकं, धरायला दांडे, छातीला आणि पायांना पट्टे. रशीदनं अक्कांना बसवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला, अंगाभोवती आमची पांढरी चादर गुंडाळली, पट्टे आवळले. तेवढ्यात त्यांचा थोरला मुलगा, साठीतले अण्णा, आतून फाइल घेऊन आले आणि जागीच थिजले.

घर लिंगायतांचं. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवतात, बांधतात, कपाळाला भस्म लावून बसलेल्या स्थितीतच नेतात. अक्कांच्या कपाळावर रोजचं भस्म होतंच. बसवणं, बांधणं आणि पांढरं गुंडाळणं आम्ही केलं होतं.

"सोडा तिला," अण्णा घरच्या अहिराणीवर येत म्हणाले. "आई जिवंत शे माझी अजून."

"म्हणूनच घाई आहे, अण्णा," रशीद म्हणाला.

"अशी नाही जाणार ती. मी हातांवर नेतो."

त्यांनी छातीच्या पट्ट्याला हात घातला. अक्कांचे ओठ निळसर पडायला लागले होते. मी रशीदकडे पाहिलं. ढकल यांना बाजूला, असं माझ्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं असणार. त्यानं ढकललं नाही. त्यानं चादर ओढून काढली आणि सुनेला म्हणाला, "ताई, अक्कांची रंगीत शाल आणा. चष्मा आणा. बाजाराला नेतात ती पिशवी आणा. आणि चपला." शाल आली, चष्मा नाकावर चढला, पिशवी दोन्ही हातांत दिली. त्यातही चलाखी होती, कारण घाबरलेला पेशंट मध्येच कठडा पकडतो आणि उचलणारेच कोसळतात. मग गुडघ्यांवर बसून रशीदनं अक्कांच्या पायांत सुनेनं दाराबाहेरून आणलेल्या चपला सरकवल्या आणि मान वर करून हळूच विचारलं, "अण्णा, गेलेल्या माणसाच्या पायांत कधी चपला पाहिल्या का?"

अण्णांचा हात पट्ट्यावरून निघाला. रशीदनं तो लगेच माझ्या कमरेच्या बेल्टवर नेऊन ठेवला. "हा सोडायचा नाही. पंडित उलटा उतरतोय, त्याला पायरी दिसत नाही. तुम्ही सांगायची."

आम्ही निघालो. "अजून एक... अजून एक..." अण्णा पायऱ्या सांगत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चाक पायरीच्या तुटक्या कडेत अडकलं, खुर्ची तिरकी झाली आणि सगळं वजन माझ्या मनगटांवर आलं. अक्कांची मान एका बाजूला कलली. खालच्या दारात शेजारचे म्हातारे नाना, अक्का गेल्याच असं धरून, हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, आणि त्या क्षणी मला वाटलं, नानांचंच बरोबर आहे. "पंडित, थांब," रशीद म्हणाला. "श्वास घे. आता माझ्या तीनवर." एक, दोन... चाक सुटलं.

आता माझ्याबरोबर नवा माणूस आहे. तगडा आहे, पाठही सरळ ठेवतो. खुर्ची उघडण्याआधी मी पेशंटच्या चपला मागतो, रशीद त्या दुपारपासून कायम मागायचा तशाच. परवा नव्यानं विचारलं, "उचलूनच न्यायचंय ना भाऊ, मग चपला कशाला?" तेव्हा त्याला गाडीपाशी काय झालं ते सांगितलं. अक्कांना आत घेऊन आम्ही उशाकडची बाजू उंच केली. ऑक्सिजन वाढवला. बराच वेळ काहीच नाही... मग त्यांनी डोळे उघडले, ओठ हलवले. अण्णांनी कान जवळ नेला. हे शेवटचे शब्द, असं आम्ही तिघांनीही धरलं. रशीदनं मास्क बोटभर उचलला, आणि अक्का दम खात, पण चांगल्या चिडून अहिराणीत म्हणाल्या,

"या चपला शेजारणीच्या शेतस रे. वर नेऊन ठेव आधी."